दोन बटणं

अंबडला आमच्या शॉपमध्ये प्रेसला दोन बटणं असतात,
एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे हातभर अंतर.
दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा डाय खाली येत नाही.
बोटं वाचावीत म्हणून केलेली सोय.
जुन्या मशीनला ती नव्हती. आमचे गांगुर्डे काका
अजून साडेसात बोटांचा नमस्कार करतात.

हे मी खैरनार मॅडमना सांगत होतो,
कारण त्यांनी विचारलं होतं, कामावर हात कुठे असतात तुमचे?
छान सांगितलं मी, डाय-बिय सगळं.
मग त्या म्हणाल्या, आणि घरी?

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, टायरच्या दुकानावर
दोन खोल्या आणि अर्धी गच्ची, एवढंच आहे त्यांचं.
दर शनिवारी आम्ही जातो. मी, अलका, प्रणित.
दोन शाळांनी दाखला हातात दिलेला,
दुसरीने तर बाईंच्या मोडक्या चष्म्याच्या बिलासकट.
त्र्यंबकला जाऊन झालं, मिरच्या ओवाळून झाल्या.
मेव्हणा म्हणाला, पोरगं सोकावलंय, अजून हाण.
तेही झालं. ते मीच केलं.
पट्ट्याने. एकदा चार्जरच्या वायरने.

पहिले दोन महिने तो वाळूच्या ट्रेमध्ये जनावरं पुरायचा.
वाघ, गाय, डुक्कर, सगळी. वरून थापटून सपाट.
मॅडमनी कधी विचारलं नाही, का रे पुरलंस?
म्हणायच्या, गाय आत गेली.
आता डुक्कर गेलं.
मॅचची कॉमेंट्री, पण कुणी झोपलेलं असताना करावी तशी.
मला राग यायचा. फी काय याची?
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर बघत बसायचो.

मग मला खाली बसवलं. चटईवर. दहा मिनिटं.
सांगायचं नाही, विचारायचं नाही, शिकवायचं नाही.
तो करेल ते बघायचं, आणि बोललात तर तेवढंच बोला.
दहा मिनिटांनी मॅडमनी वही माझ्याकडे फिरवली.
रेघा. पाच-पाचच्या जुड्या.
असं नको. नीट धर. हे काय आहे? सरळ बस.
एकतीस.
लाइनवर एवढं रिजेक्शन काढलं
तर सुपरवायझर गेटबाहेर उभं करेल.
अलका तोंडावर पदर धरून हसली.
मग तिची पाळी आली. सव्वीस.

एका बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून आलो, डोकं भणभणत होतं,
आणि प्रणितने ताट भिरकावलं.
वरण भिंतीवर, भिंतीवरून कॅलेंडरवर,
पार तेवीस तारखेपर्यंत ओघळलं.
हात उठला. तो उठतोच, मला विचारत नाही.
काय सुचलं कोण जाणे, मी खाली बसलो
आणि दोन्ही तळवे फरशीवर दाबले, मधे हातभर अंतर सोडून.
तसाच राहिलो, रांगायला निघून विसरलेल्या बाळासारखा.
प्रणित थांबला. पप्पा, काय करतोय?
म्हटलं, मशीन.
चालू का बंद?
मला सांगता येईना.
तिकडे तर दोन्ही दाबली की चालू होतं.

हे सांगितलं की लोकांना वाटतं, झालं.
नाही झालं.
पुढच्याच आठवड्यात अलकाने त्याला लाटणं मारलं,
आणि मी तिच्यावर असा ओरडलो
की खालचे पगार भाऊ अंघोळीचा टॉवेल गुंडाळून वर आले.
शनिवारी तेही सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.
रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

परवा चटईवर मी गप्प होतो. जमतंय थोडं.
प्रणितने वाळूत कोपरापर्यंत हात घातला,
चाचपडला, आणि गाय वर काढली,
तीन पायांची. चौथा कधी मोडला, आम्हाला कुणालाच आठवत नाही.
फुंकर मारून तिच्या डोळ्यातली वाळू उडवली
आणि माझ्यापुढे धरली.
नीट धर. पाडू नको.

सूचना होती ती. दोन होत्या.
मी वहीकडे बघितलं.
मॅडमनी पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं.